सामान्य पूर्वज आणि दप्तराची भाषा : जासईच्या संदर्भात एक विचार

१

वंशावळ हा मराठीतील एक जुना लेखनप्रकार होय. वतनाच्या तंट्यांत देशमुख-देशपांड्यांनी ती पुरावा म्हणून मांडली; नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांनी यजमानांच्या नामावळींच्या रूपाने ती आपल्या वह्यांत सांभाळली; आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोकणस्थ व कऱ्हाडे घराण्यांनी कुलवृत्तांत या नावाने तिचे ग्रंथ छापून प्रसिद्ध केले. उत्तर कोकणापुरते बोलावयाचे तर वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’त वंशांच्या व कुळांच्या याद्यांना केवढे महत्त्व आहे, हे अभ्यासकांना ठाऊकच आहे. या सर्व लेखनाला एक मर्यादा आहे. ज्याच्यापाशी वतन होते, यात्रेस जाण्याची ऐपत होती किंवा ग्रंथ छापविण्याइतके घराण्याचे भान होते, त्याचेच नाव त्यात आले. ज्याच्यापाशी यांपैकी काहीही नव्हते, त्या पूर्वजाचे जीवन कोणत्या साधनांतून उभे करावयाचे, हा प्रश्न या परंपरेने कधी विचारला नाही.

आज तो प्रश्न विद्वानांनी नव्हे, तर सामान्य कुटुंबांनीच विचारावयास घेतला आहे. तलाठ्याच्या दप्तरातील, शाळेच्या रजिस्टरातील आणि जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतील उतारे जमवून आपापल्या आज्या-पणज्यांचा माग काढणारी माणसे गावोगाव दिसतात. त्यांच्या हाती जे कागद येतात त्यांतून पूर्वजाचे चरित्र कितपत सिद्ध होते, याचा विचार भाषेच्या अभ्यासकाने करणे अगत्याचे आहे. कारण हे कागद मुळात एका विशिष्ट भाषेतील लेख आहेत. दप्तर ज्या प्रयोजनासाठी ठेवले जाते त्या प्रयोजनास माणसाचा जेवढा अंश लागतो तेवढाच ते टिपते. या सिद्धांताची परीक्षा पाहण्यासाठी रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यातल्या जासई या गावाचा संदर्भ येथे घेतला आहे.

२

जासई हे खाडीलगतच्या पट्ट्यातील भातशेतीचे गाव. या पट्ट्यात आगरी समाजाची वस्ती मोठी आहे. ‘आगर’ या शब्दाचा मिठाच्या आगराशी असलेला संबंध उघड आहे. भाताची खार जमीन, तिला समुद्राच्या पाण्यापासून राखणारा बांध, पाणी सोडण्याची उघाडी आणि मिठागर यांवर येथील पिढ्या पोसल्या गेल्या. १८८३ साली पनवेल-उरणचा हा भाग ठाणे जिल्ह्यातून काढून कुलाबा जिल्ह्यास जोडण्यात आला आणि १९८१ साली कुलाब्याचे नाव रायगड झाले. एकाच कुटुंबाच्या चार पिढ्या एकाच घरात राहिल्या असल्या तरी कागदोपत्री त्या तीन जिल्ह्यांच्या रहिवासी ठरतात, ही गोष्ट शोध घेणाऱ्याने आरंभीच ध्यानात ठेवावी लागते.

१९७० साली नवी मुंबईची योजना जाहीर झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाच्या कक्षेत आल्या. मोबदल्याच्या प्रश्नावर जासईचेच सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला, त्यात १६ व १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशी जासई व नवघर परिसरात झालेल्या गोळीबारांत पाच जण हुतात्मा झाले. पुढे १९९० व १९९४ सालच्या शासननिर्णयांनी संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ जमीनधारकांना देण्याची योजना आकारास आली. मूळ धारक पुष्कळ ठिकाणी तोवर दिवंगत झालेला होता. त्याचे वारस कोण, हे सिद्ध करण्यासाठी दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला लागू लागला. तो देण्याची तरतूद ज्या मुंबईच्या आठव्या रेग्युलेशनात आहे ते १८२७ सालचे आहे. येणेप्रमाणे, ज्या समाजाने वंशावळ कागदावर कधी लिहिली नव्हती, त्याला ती एकाएकी प्रतिज्ञेवर लिहून द्यावी लागली.

दुसरे निमित्त शिक्षणाचे. इतर मागास वर्गाच्या जात पडताळणीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या पुराव्यास विशेष महत्त्व असते. त्यामुळे महाविद्यालयात प्रवेश घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला आजोबांच्या शाळेतील नोंद किंवा पणजोबांच्या मृत्यूची नोंद शोधावी लागते. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध हाती घेतल्यावर मोडी वाचणाऱ्यांची गरज राज्यभर जाणवली, तीही याच कारणाने. एका रकान्यातील एका शब्दावर नातवाचे भवितव्य अवलंबून राहते. असा शोध निष्काम जिज्ञासेने होत नाही, आणि म्हणूनच त्यातून सिद्ध होणाऱ्या वंशावळीचे परीक्षण अधिक काटेकोरपणे करावयास हवे.

३

सामान्य पूर्वजाचा माग ज्या दप्तरांत लागतो त्यांत जमिनीचे दप्तर सर्वांत विस्तृत. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीची पद्धत १९०३ च्या कायद्याने आली व १९१३ साली ती जमीन महसूल संहितेत समाविष्ट झाली. जमिनीवरील हक्कात झालेला प्रत्येक बदल फेरफाराच्या नोंदवहीत अनुक्रमाने लिहावयाचा, तो प्रमाणित झाला की सातबाऱ्यावर त्याचा अंमल द्यावयाचा, आणि धारक मृत्यू पावल्यास वारसांची नोंद घ्यावयाची, ही तिची रीत. आजच्या सातबाऱ्यावरील फेरफार क्रमांकांच्या आधारे मागे मागे जात राहिल्यास तीन-चार पिढ्यांचा धागा हाती लागू शकतो.

परंतु हा धागा कशाचा आहे? फेरफारातील वाक्याचा कर्ता व्याकरणदृष्ट्या माणूस असला तरी त्याचा विषय जमीन हा असतो. अमुक गट, अमुक क्षेत्र, आकार इतका, खातेदार मयत, वारस येणेप्रमाणे, सबब नोंद केली. माणूस या लेखात दोनदा प्रकट होतो : जमीन त्याच्याकडे येते तेव्हा आणि ती त्याच्याकडून जाते तेव्हा. मधली तीस-चाळीस वर्षे, ज्यांना आपण जीवन म्हणतो, ती या दप्तराला दिसत नाहीत. नाव कमी झाले की त्याभोवती कंस पडतो. ‘मयत’ हा शब्दही येथे मृत्यूची वार्ता देत नाही. वारसनोंदीचे कारण सांगतो. कित्येकदा मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी नोंद झालेली असते, आणि नोंदीचे साल हेच मृत्यूचे साल असे धरून चालणारा शोधक एक पिढी चुकीच्या जागी बसवितो.

कुळाची स्थिती याहून बिकट. चरी येथे १९३३ साली सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप ज्या खोती पद्धतीविरुद्ध होता, तीत जमीन कसणारा आणि कागदावरचा धारक हे निरनिराळे असत. १९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनाने कुळाला मालकीकडे नेणारी वाट खुली केली. कलम ३२-ग खालील चौकशांत कुळाचे जबाब नोंदले गेले. सामान्य शेतकऱ्याचे बोलणे शासनाने लिहून घेतले असे जे थोडे प्रसंग आहेत त्यांत हा एक महत्त्वाचा होय. ‘विचारल्यावरून सांगतो की’ अशा ठरीव आरंभानंतर जबाबात प्रथमपुरुषी वाक्ये येतात, आणि वाचणाऱ्यास वाटते की आता पूर्वज स्वतः बोलू लागला.

हा समज फार जपून स्वीकारला पाहिजे. आगरी बोलीत प्रमाण मराठीतील ‘ण’, ‘ळ’ व ‘ड’ यांच्या जागी अनुक्रमे ‘न’, ‘ल’ व ‘र’ ऐकू येतात. ‘पाणी’चे ‘पानी’, ‘काळा’चे ‘काला’, ‘गाडी’चे ‘गारी’ होते. जबाबात यांपैकी काहीही उरत नाही. लेखनिक ऐकतो एका भाषेत आणि लिहितो दुसऱ्या भाषेत. खाली उमटलेला अंगठा तेवढा सांगणाऱ्याचा स्वतःचा. म्हणजे या लेखात ‘मी’ आहे, पण त्या ‘मी’ची वाणी नाही. तरीही जमीन कोणाच्या वेळेपासून कसतो, खंड किती देतो, चतुःसीमा कोणत्या, ही माहिती त्याच्या तोंडूनच आलेली असते आणि ती मोलाची आहे. शब्द लेखनिकाचे असले तरी स्मरण कुळाचे आहे, एवढा विवेक ठेवून हे जबाब वाचावेत.

४

नावांचा प्रश्न भाषाभ्यासकाच्या विशेष अधिकारातला. जुन्या नोंदीत पुरुषाचे नाव ‘अमुक बिन अमुक’ असे येते. ‘बिन’ म्हणजे पुत्र. हा शब्द अरबीतून फारसी दप्तराच्या द्वारे मराठीत आला. आडनाव अनेकदा नसतेच. असलेच तर जातीचे नाव आडनावाच्या जागी बसलेले असते. आजोबाचे नाव नातवास ठेवण्याची रीत आपल्याकडे सर्वत्र आहे. परिणामी एका पिढीत ‘रामा बिन गणा’, पुढच्या पिढीत ‘गणा बिन रामा’ आणि तिच्या पुढच्या पिढीत पुन्हा ‘रामा बिन गणा’ अशी नावे आलटून पालटून येत राहतात. केवळ नावावरून पिढी ठरविणाऱ्याच्या हातून दोन माणसांचा एक माणूस होणे किंवा एकाचे दोन होणे यात नवल नाही.

लिपीने यात भर घातली आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद सामान्यतः पाळला जात नाही आणि संक्षेप पुष्कळ असतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कारकुनी व्यवहारात मोडी होती. तिच्यातील नाव बाळबोधीत उतरविताना वाचणाऱ्याच्या परिचयातील नाव त्याला आधी सुचते. जोमा, हाशा, चांगू ही नावे ज्याने कधी ऐकली नाहीत तो त्यांच्या जागी दुसरेच काही वाचण्याचा संभव असतो. म्हणून मोडी वाचणाऱ्याला नुसती अक्षरओळख पुरत नाही. त्या गावची नावे त्याच्या कानावरून गेलेली असावी लागतात.

नावांच्या स्वरूपात एका शतकात मोठे स्थित्यंतर झाले. शेताच्या कागदावर जो ‘गणा’ तो मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर ‘गणपत’, जो ‘रामा’ तो पुढे ‘रामचंद्र’, ‘हाशा’चा ‘हसुराम’. शाळेने मुलाला प्रतिष्ठित नाव दिले आणि मुलाच्या नावामागून बापाचेही नाव सुधारले गेले. समाजशास्त्रज्ञ यात प्रतिष्ठेचा शोध पाहतील. दप्तराच्या दृष्टीने मात्र ही दोन माणसे झाली. ‘वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे’ अशा आशयाची प्रतिज्ञापत्रे त्यामुळेच करावी लागतात. माणूस एक आहे हे सांगण्यासाठी त्याच्या नातवाने शपथ घ्यावी, यातून नाव आणि व्यक्ती यांच्या संबंधाबद्दल दप्तराची कल्पना किती निराळी आहे ते कळून येते. गावाला ‘गणा’ आणि ‘गणपत’ यांत कधीच अंतर वाटले नव्हते.

शाळेच्या जनरल रजिस्टरातील जन्मतारखेबद्दलही असेच म्हणावे लागते. एक जून ही जन्मतारीख जुन्या रजिस्टरांत इतक्या मुलांना लाभलेली दिसते की ती प्रवेशाच्या सोयीची तारीख होती हे उघड आहे. तिला असत्य म्हणण्याचे कारण नाही. मूल शाळेत केव्हा आले आणि शिक्षकाला ते किती वर्षांचे वाटले, ही माहिती ती प्रामाणिकपणे देते. तिला जन्माची तारीख समजणे ही वाचणाऱ्याची चूक.

गावचे कोतवाल पुस्तक, म्हणजे गाव नमुना चौदा, जन्म-मृत्यूची नोंद देते. जन्माच्या नोंदीत बापाचे नाव व जात असते; अपत्याच्या जागी पुष्कळदा ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच. बारसे होण्यापूर्वीच खबर दिली गेल्याने नाव यावयाचे कोठून? मृत्यूच्या नोंदीत कारण ठरावीक शब्दांपैकी एक असते : पटकी, देवी, ताप. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीत हिंदुस्थानात मेलेल्या असंख्य माणसांची नोंद ‘ताप’ याच सदराखाली झाली. त्या वर्षीच्या एखाद्या नोंदीतील ‘ताप’ हा शब्द ज्याला एवढ्या अर्थाने वाचता येत नाही, त्याला पणज्याचा मृत्यू कळतो. त्या घरावर काय कोसळले ते कळत नाही.

५

स्त्रीपूर्वजांच्या बाबतीत दप्तर बहुतांशी मुके आहे. जुन्या नोंदीत विवाहितेच्या नावापुढे ‘कोम’ हा शब्द लागून पतीचे नाव येते. पुरुष बापावरून ओळखावयाचा आणि स्त्री नवऱ्यावरून. त्यामुळे तिच्या माहेराकडे जाणारा मार्ग त्या एका शब्दापाशी बंद होतो. विवाहात मूळ नावही बदलले गेले असेल तर तीच व्यक्ती माहेरच्या गावी एका नावाने जन्मते आणि सासरच्या गावी दुसऱ्या नावाने मरते. दोन्ही नोंदी खऱ्या असूनही त्यांची गाठ पडत नाही.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला पित्याच्या मालमत्तेत वारसा मिळाला आणि तेव्हापासून वारसनोंदीत बहिणींची नावे अधिक नियमाने दिसू लागली. पण त्यांच्या मागोमाग पुष्कळदा हक्कसोडपत्राचा फेरफार येतो आणि ती नावे कमी होतात. दप्तरात स्त्रीचा प्रवेश आणि तिचे निर्गमन यांत कधी कधी एखाद्याच पानाचे अंतर असते. तथापि या नोंदींमुळेच तिचे नाव, तिचे सासरचे गाव आणि तिची भावंडे एकत्र सापडतात, हेही मान्य केले पाहिजे. हक्क सोडण्याचा कागद हाच स्त्रीच्या अस्तित्वाचा उत्तम पुरावा ठरावा, ही या दप्तराची शोकान्तिका होय.

याहूनही पलीकडे एक वर्ग राहतो. ज्याच्या नावे जमीन नव्हती, जो दुसऱ्याच्या मिठागरावर किंवा बांधावर राबला, तो फेरफारात येत नाही. साडेबारा टक्क्यांच्या योजनेचा पाया जमीनधारणा हा असल्याने जे कागदावर धारक नव्हते त्यांचे वारसही मूळ धारकांच्या यादीबाहेर राहिले. खाडी, शेते व मिठागरे यांवर ज्यांची उपजीविका होती त्यांच्यापैकी कोणाच्या पूर्वजाला नाव मिळावे आणि कोणाच्या मिळू नये, हे दप्तराने फार पूर्वीच ठरवून ठेवले होते. वंशशोधाच्या उत्साहात हा अन्याय झाकला जाऊ नये.

६

या मर्यादा जासईपुरत्या नाहीत, हे दाखविण्यासाठी दोन दूरची उदाहरणे उपयोगी पडतील. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला जे लाखो हिंदी लोक गेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसेही होती. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्यांची रजिस्टरे जतन केलेली आहेत. त्यांत मजुराचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव अशी माहिती असून पुढील काळातील कित्येकांची छायाचित्रेही आहेत. जासईच्या पणज्याची उंची कोणासही ठाऊक नाही. मळ्यावर गेलेल्या मजुराची मात्र नोंदलेली आहे. याचे कारण उघड आहे. मॉरिशसच्या मळेवाल्याला माणसाचे शरीर हवे होते, मुंबई सरकारला जमिनीचा सारा हवा होता. पहिल्या दप्तराने जमिनीवाचून माणूस टिपला, दुसऱ्याने माणसावाचून जमीन. मॉरिशसमध्ये मजुराचे व्यक्तिनाम हेच पुष्कळदा वंशजांचे आडनाव होऊन बसले. म्हणजे नावाचे जे काम आपल्याकडे पिढीगणिक पुसले जाते ते तेथे कारकुनाच्या लेखणीने कायमचे गोठविले.

दुसरे उदाहरण फ्रेंच इतिहासकार आलँ कोर्बँ यांचे. ओर्न विभागाच्या दप्तरातून यदृच्छेने एक नाव निवडून त्यांनी लुई-फ्रांस्वा पिनागो या निरक्षर लाकडी-जोडे-कारागिराचे (१७९८–१८७६) जग १९९८ साली एका ग्रंथात उभे केले. पिनागोने मागे काहीच लिहून ठेवले नव्हते. म्हणून त्याने काय पाहिले असेल, काय ऐकले असेल, कोणाचे देणे लागत असेल, याची पुनर्रचना त्यांनी परिसराच्या आधारे केली. ही पद्धती अनुकरणीय आहे, पण तिच्यात एक धोका आहे. परिसर जितका भरीव होत जातो तितका मध्यावरचा माणूस पातळ होतो. शेवटी वाचकाच्या हाती त्या काळचा कोणताही जोडे-कारागीर राहतो, पिनागो राहत नाही. जासईच्या पूर्वजाविषयी लिहिणाऱ्याने खारजमीन, मिठागर आणि बांध यांचे कितीही बारकाईने वर्णन केले तरी तो सरासरीचा आगरी शेतकरी होईल. आपला पणजा शोधणाऱ्याचे समाधान सरासरीने होत नाही.

७

येथवरच्या विवेचनावरून दप्तर व्यर्थ आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. सामान्य माणसाचा कागदावरील जवळजवळ एकमेव मागमूस तेथे आहे. मात्र त्याच्या वाचनास काही शिस्त हवी. पहिली, प्रत्येक नोंद कोणी, कोणासाठी, कोणत्या रकान्यात लिहिली हे आधी पाहावे आणि रकान्याबाहेरचा प्रश्न तिला विचारू नये. दुसरी, एका दप्तरातील नाव दुसऱ्या दप्तरातील नावाशी जुळविताना नावाच्या साम्यापेक्षा गट नंबर, चतुःसीमा, भावंडे व साक्षीदार यांच्या साम्यावर अधिक भर द्यावा. तिसरी, हक्कासाठी केलेली वंशावळ आणि शोधासाठी केलेली वंशावळ यांत भेद ठेवावा. पहिलीत हिस्सेदार नसलेला मनुष्य, निपुत्रिक चुलता, बालपणी मेलेले भावंड गळून पडते, दुसरीत त्याला जागा असली पाहिजे.

चौथी गोष्ट भाषाभ्यासकाच्या कर्तव्याची. कागदाला जे दिसले नाही त्यातले बरेच बोलीने धरून ठेवले आहे. शेताशेताला असलेली नावे, धवलारिणीच्या तोंडी राहिलेली लग्नातील धवळ्यांची परंपरा, पितृपक्षात ज्या तिथीला पान वाढले जाते ती तिथी, घरातल्या घरात चालत आलेली टोपणनावे, ही सर्व दप्तराला पूरक साधने होत. मृत्यूचे साल फेरफारात न मिळाले तरी मृत्यूची तिथी घरात मिळते; माहेरचे गाव ‘कोम’पुढे न मिळाले तरी वृद्ध स्त्रीच्या आठवणीत मिळते. या साधनांना दप्तराची कसोटी लावावी आणि दप्तराला यांची. दोहोंपैकी कोणासही अंतिम मानू नये.

हे काम आता लांबणीवर टाकण्यासारखे नाही. उरण-पनवेलच्या पट्ट्यात जी शेते संपादित झाली त्यांच्या चतुःसीमा भरावाखाली गेल्या. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, २०२४ च्या जानेवारीत सागरी सेतू चिर्ले येथे येऊन मिळाला. शेत राहिले नाही की शेताचे नाव फार तर एक पिढी टिकते. सातबाऱ्यावरचा गट नंबर संगणकात सुरक्षित राहील. त्या गटाला गाव काय म्हणत होते, तो बांध कोणाच्या आज्याने घातला, हे सांगणारी माणसे वयोवृद्ध आहेत. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांपैकी ज्यांची घरे या गावांत आहेत त्यांनी आपल्या घरातील उतारे आणि आपल्या घरातील बोलणे शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर त्यांच्या पूर्वजाचे संपूर्ण चरित्र हाती येईलच असे नाही. परंतु दप्तराने त्याला दोनदाच पाहिले होते, त्याऐवजी तो चार-पाच ठिकाणी तरी दिसू लागेल. त्याच्या नावाभोवती पडलेला कंस काढण्याचा अधिकार अभ्यासकाला नाही. त्या कंसात कोण होते हे सांगण्याचा मात्र आहे.